मागच्या आसनाचा हिशेब

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत मोटारगाडीवरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर लिहावे, स्तनपानावर लिहावे, फार तर परीक्षेच्या ताणावर लिहावे. त्याचा आणि गाडीचा काय संबंध? परंतु आपल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरून सहज नजर फिरवली, तरी एक बदल ध्यानात येतो. एके काळी त्या रांगेत मारुती ८०० दिसे, पुढे सँट्रो आणि होंडा सिटी दिसू लागल्या. आज तेथे नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक अशा छोट्या एसयूव्हींची गर्दी असते. तरुण डॉक्टर दांपत्याची पहिली गाडी हीच आणि निवृत्तीकडे झुकलेल्या आमच्या पिढीची बहुधा शेवटची गाडीही हीच. ती आता घरची गाडी झाली आहे. आणि घरची गाडी म्हटली की तिच्यात घरातले सर्वांत लहान माणूस आणि सर्वांत वयस्क माणूस एकत्र बसणार. ही दोन्ही माणसे माझ्या तपासणीच्या खोलीत रोज येतात. एक रुग्ण म्हणून आणि दुसरे त्याला मांडीवर घेऊन. म्हणून हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

मला जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे. छोट्या एसयूव्हीतील जागेचा प्रश्न आपण आजवर केवळ सोयीचा मानत आलो. वस्तुतः तो मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. मागच्या आसनावर जागा पुरत नाही म्हणून मूल मांडीवर येते आणि मांडीवर आलेल्या मुलाला कोणतीही गाडी, कितीही तारांकित असली तरी, वाचवू शकत नाही. तेव्हा गाडी घेताना पहिला हिशेब मागच्या आसनाचा करावा. इंजिन, पडदा आणि छताची खिडकी यांचा नंतर.

या गाड्या सगळ्याच ४ मीटरच्या आत का बसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. २००६-०७च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी मोटार कोणती, तर जिची लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि जिचे पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल इंजिन १५०० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे नाही ती. पुढे कराचे नाव बदलले, दर बदलले, परंतु ती ४ मीटरची रेघ काही पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांतही या रेघेच्या आतील छोट्या मोटारींना १८ टक्के आणि बाहेरील मोटारींना ४० टक्के असा भेद आहे. साहजिकच कारखानदारांचे सारे कसब या रेघेच्या आत राहण्यात खर्ची पडते. ३९९५ मिलिमीटर हा आकडा इतक्या गाड्यांच्या माहितीपत्रकात आढळतो, त्याचे कारण हेच.

लांबीला असा बांध घातल्यावर जागा कोठून आणायची? फोर्ड कंपनीने २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आणली तेव्हा स्टेपनी मागच्या दारावर बाहेर टांगली. २०१६ची विटारा ब्रेझा, २०१७ची नेक्सॉन, २०१९ची व्हेन्यू आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या गाड्या आडव्या वाढत गेल्या. मारुती ८००ची रुंदी साधारण १.४४ मीटर होती. आजच्या छोट्या एसयूव्हीची रुंदी १.७७ ते १.८२ मीटरच्या दरम्यान असते. म्हणजे चार दशकांत घरची गाडी जवळजवळ एका माणसाच्या बैठकीइतकी रुंद झाली. मग मागे तिसऱ्या माणसाची बैठक मिळाली का? पूर्णपणे नाही. जाड झालेली दारे, त्यांतील धक्कारोधक तुळया आणि हात टेकायच्या जागा यांत त्या वाढीचा बराच भाग जातो. सुरक्षिततेसाठी तो जायलाही हवा. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु बाहेरून दिसणारी रुंदी आत मिळते, हा समज सोडला पाहिजे.

जपानचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील 'केई' वर्गातील मोटारींना १९९८ पासून लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० घन सेंटिमीटर अशी मर्यादा आहे. लांबी आणि रुंदी दोन्ही बांधलेल्या, त्यामुळे तेथील कारखानदार वर गेले. उंच छत, जमिनीलगतचा तळ, सपाट फरशी आणि बाजूला सरकणारी मागची दारे अशी त्यांची रचना झाली. आई मुलाला कडेवर घेऊन उभी राहिली, तरी दार तिच्या अंगावर येत नाही. दिसायला ही गाडी पेटीसारखी दिसते. परंतु तिचा विचार आत बसणाऱ्यापासून सुरू झालेला असतो. आपल्याकडे तोच विचार बहुधा बाहेरून पाहणाऱ्यापासून सुरू होतो. उंच बॉनेट, मोठी चाके, दणकट चेहरा. 'बडा घर, पोकळ वासा' ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोटारींसाठी केली नसली, तरी काही गाड्यांचे मागचे दार उघडल्यावर ती आठवते खरी.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. या वर्गातील गाडीच्या मागच्या बाजूला खांद्याच्या पातळीवर आतली रुंदी साधारण १३० ते १४० सेंटिमीटर मिळते. लहान मुलाच्या चाइल्ड सीटची रुंदी ४४ सेंटिमीटरच्या आसपास असते. उरले ८६ ते ९६ सेंटिमीटर. त्यात दोन प्रौढ बसवायचे. खांद्यापाशी एका प्रौढाला ४५ ते ५० सेंटिमीटर लागतात. आजींचा पदर आणि आजोबांचा हिवाळी कोट यांचा हिशेब वेगळाच. शिवाय मधली बैठक ही खरी बैठक नसते. तिची गादी फुगीर असते, पायांमध्ये बोगदा येतो आणि पट्ट्याचे कुलूप शेजाऱ्याच्या कंबरेखाली दडलेले असते. म्हणजे चाइल्ड सीट लावली की पाच आसनांची म्हणून विकली जाणारी ही गाडी प्रत्यक्षात चार माणसांची होते.

आपल्या घरांतील माणसे मोजा. नवरा, बायको, बाळ, आजी, आजोबा. पाच झाली. हैदराबादच्या मराठी घरांचा गावाकडचा धागा अजून तुटलेला नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. कित्येकांची कुलदैवते, शेतीवाडी आणि सोयरिकी अजून त्याच भागात आहेत. बाळाचे जावळ काढायचे, कुलदेवीला न्यायचे म्हटले की जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करीत तुळजापूर गाठायचे किंवा तसेच पुढे सोलापूरला जायचे. देगलूरमार्गे नांदेडला जाणारेही पुष्कळ. सोलापूर येथून सुमारे ३०० किलोमीटर. रस्ता आता रुंद झाला आहे, गाडी सहज १०० किलोमीटरच्या वेगाने धावते. अशा प्रवासाला निघताना घरात काय होते हे आपण सारे जाणतो. पाच माणसे, एक चाइल्ड सीट, मागे जागा पुरत नाही. आजीला 'तू घरीच राहा' असे सांगणार कोण? मग ती सीट काढून घरी ठेवली जाते आणि बाळ आजीच्या मांडीवर जाते. यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो, उलट सगळ्यांचे प्रेमच असते. परंतु शहरातल्या दोन किलोमीटरच्या फेरीसाठी जी सीट लावली होती, ती ज्या दिवशी खरी हवी असते नेमकी त्याच दिवशी घरी राहते.

मांडी सुरक्षित का नाही, हे वैद्यकीय वाचकांना फार सांगायला नको. तरी एकदा आकडे समोर ठेवावेत. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १४ पट धक्का बसतो. १० किलोचे बाळ त्या क्षणी हातांना १४० किलोचे होते. कोणत्या आजीचे हात ते धरतील? पहिलवानाचेही धरणार नाहीत. आणि आजीने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचे सारे वजन पुढच्या आसनावर आदळताना मध्ये बाळ असते. दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तर तो पट्टा आजीच्या वजनानिशी बाळाच्या पोटात रुततो.

बाळाची शरीररचना ही प्रौढाची छोटी आवृत्ती नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतके असते, मानेचे अस्थिबंध सैल आणि मणक्यांचे सांधे आडवे असतात. म्हणून बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस राहील अशीच सीट लावायची. धक्का बसला की डोके, मान आणि पाठ एकत्र टेकलेली राहतात. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये अशी मागे तोंड केलेली सीट तिच्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे होईल तितका काळ, वापरण्याची शिफारस केली. थोड्या मोठ्या मुलांचीही गोष्ट वेगळी नाही. ओटीपोटाच्या हाडाचा जो पुढचा उंचवटा पट्ट्याला खाली धरून ठेवतो, तो साधारण दहा वर्षांपर्यंत पुरेसा तयार झालेला नसतो. पट्टा सरकून पोटावर येतो. आतड्यांना इजा, कंबरेच्या मणक्याचा अस्थिभंग ही त्याची फळे शल्यचिकित्सक मित्रांनी पाहिलेली आहेत. म्हणून उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत मुलाला खाली उंच बैठक हवी.

येथे एका समव्यावसायिकाचे स्मरण करावेसे वाटते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या पाठपुराव्यामुळे त्या राज्याने १९७७ मध्ये लहान मुलांना गाडीत चाइल्ड सीटवर बसवणे सक्तीचे करणारा कायदा केला. १९७८ मध्ये तो अमलात आला आणि अमेरिकेतला तशा प्रकारचा तो पहिला कायदा ठरला. परंतु विधिमंडळाने त्यात एक सवलत घुसडली होती: मूल मोठ्या माणसाच्या कडेवर किंवा मांडीवर असेल तर चालेल. डॉ. सँडर्स थांबले नाहीत. आपल्या कायद्यातील ही पळवाट मुलांच्या जिवावर उठते हे ते सांगत राहिले आणि १९८१ मध्ये ती काढून टाकण्यात आली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांनी असे कायदे केले. एका बालरोगतज्ज्ञाला मांडीविरुद्धच लढावे लागले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मांडीचा मोह काही केवळ आपल्याकडच्या आजीचा नव्हे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले. १४ वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेले नसेल, तर १००० रुपये दंड. मागच्या आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावणे तर त्याच्याही आधीपासून नियमात आहे. तरीही ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते ही बातमी वाचून अनेकांना त्या नियमाची प्रथमच आठवण झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता आणि त्यांत ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चाइल्ड सीटच्या वापराने मुलांचे मृत्यू किमान ६० टक्क्यांनी कमी होऊ शकतात. अशी एखादी लस निघाली असती, तर आपण ती पहिल्या आठवड्यात टोचली असती.

गाडीच्या ताऱ्यांविषयीही थोडे लिहितो, कारण पालक हल्ली तारे मोजून गाडी घेतात. ही सवय चांगली आहे. मात्र तारे दोन प्रकारचे असतात. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला प्रौढांच्या सुरक्षेसाठी ५ तारे मिळाले, तेव्हा भारतीय मोटारीचे सर्वांनीच कौतुक केले. त्याच अहवालात मुलांच्या सुरक्षेसाठी ३ तारे होते, याची चर्चा झाली नाही. फेब्रुवारी २०२४ मधील चाचणीत त्याच नावाच्या सुधारित गाडीने दोन्हीकडे ५ तारे मिळवले. म्हणजे सुधारणा शक्य असते, फक्त कोणीतरी दुसरा आकडा विचारावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात मुलांसाठी ४९ गुण असतात: २४ धक्क्याच्या चाचणीचे, १२ सीट नीट बसवता येते का याचे आणि १३ गाडीतील सोयींचे. चाचणीतील पुतळे १८ महिन्यांच्या आणि ३ वर्षांच्या मुलाचे असतात आणि ते योग्य सीटमध्ये बांधलेले असतात. आजीच्या मांडीवर कोणताही पुतळा बसवलेला नसतो. म्हणून मूल मांडीवर असेल, तर ते ५ तारे त्याच्यासाठी नाहीत.

मागच्या आसनाचा दुसरा हक्कदार म्हणजे वयस्क माणूस. उंच गाडीत चढणे-उतरणे सोपे, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. बैठक गुडघ्याच्या थोडी वर असेल, तर गुडघेदुखीच्या माणसाला तिच्यावर टेकून आत वळता येते. येथवर एसयूव्हीचा फायदा. पण अनेक गाड्यांत दाराचा उंबरठा उंच आणि जाड असतो, छताचा उतार मागे खाली आलेला असतो, त्यामुळे पाय उचलताना डोके वाकवावे लागते. पार्किन्सनच्या किंवा कंबरेची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला ही एकच हालचाल नकोशी होते. त्यातच आपल्या शहरातल्या अपार्टमेंटमधील खांबांमधले पार्किंग. अडीच मीटरच्या जागेत १.८ मीटरची गाडी उभी केली की दोन्ही बाजू मिळून ७० सेंटिमीटर उरतात. एवढ्यात मागचे दार निम्मेही उघडत नाही. मग बाळाला आडवे करून, मान सांभाळून सीटमध्ये बसवायचे कसे? काही दिवसांतच सीटचा कंटाळा येतो आणि दोष बाळाच्या रडण्याला दिला जातो. दार किती अंशात उघडते आणि आपल्या जागेत किती उघडेल, हे मोजायला एक टेप पुरते. सोय ही अशी बारीक गोष्टींत असते आणि सोय नसली की शिस्त टिकत नाही.

सामानाचेही तेच. डिकी किती लिटरची, हे माहितीपत्रकात ठळक छापलेले असते. नेक्सॉनची ३८२, ब्रेझाची ३२८, कायलॅकची ४४६. परंतु सगळे कारखानदार एकाच रीतीने मोजत नाहीत. कोणी मागच्या झाकणापर्यंत मोजतो, कोणी छतापर्यंत. शिवाय लिटर हे पाण्याचे माप आहे. बाबागाडी काही पाण्यासारखी कोपऱ्यात शिरत नाही. तिला तोंड रुंद हवे आणि उंबरठा खाली हवा. सीएनजीची गाडी घेणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे, कारण एक मोठे नळकांडे डिकीची बहुतेक जागा खाते. दोन लहान नळकांडी तळाशी ठेवण्याच्या टाटांच्या रचनेत नेक्सॉनची डिकी ३२१ लिटर तरी उरते. डिकीत न मावलेली लोणच्याची बरणी आणि पिठाचा डबा मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवला जातो आणि अचानक ब्रेक लागला की तो आपल्याच मुलांच्या डोक्यावर येतो. म्हणून डिकीचाही संबंध अखेर मागच्या आसनाशीच.

चार मीटरमध्ये सगळेच साधणार नाही, हे मान्य करून काही कारखानदारांनी प्रामाणिक उत्तरे शोधली आहेत. आपल्या शेजारच्या आंध्रातील पेनुकोंड्याला तयार होणाऱ्या कियाच्या सायरॉसमध्ये मागचे आसन पुढे-मागे सरकते. पाय मोकळे हवेत की सामान जास्त हवे, ते त्या दिवशी तुम्ही ठरवायचे. २०१९ मध्ये आलेल्या रेनॉच्या ट्रायबरमध्ये तिसरी रांग काढून ठेवता येते. या गाड्या सर्वोत्तम आहेत असा माझा दावा नाही. कोणती गाडी घ्यावी हे सांगणे माझे कामही नव्हे. परंतु आत बसणाऱ्याचा विचार अगोदर केला की रचना बदलते, एवढे यावरून दिसते. याउलट छतावरची मोठी काच घ्या. ती डोक्यावरची थोडी उंची घेते, हैदराबादच्या मे महिन्यात आत ऊन ओतते आणि तिच्यातून मूल कंबरेइतके बाहेर उभे राहिलेले दिसले की बाह्यवळण रस्त्यावर अंगावर काटा येतो. त्या पैशांत दोन उत्तम चाइल्ड सीट येतात.

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा, की शहरात गाडी हळू चालते. वरचा हिशेब ताशी ५० किलोमीटरचाच होता. पहाटे रिकाम्या रस्त्यावर किंवा उड्डाणपुलावर हा वेग कोण ओलांडत नाही? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपले बहुसंख्य रुग्ण दुचाकीवरून किंवा ऑटोतून येतात. बाळ घरी जाते तेच ऑटोने. त्यांच्यासमोर चाइल्ड सीटच्या गोष्टी करणे शोभते का? हा प्रश्न मलाही पडतो. दुचाकीवरील ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट, बांधणीचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला आहे आणि त्याविषयीही आपण बोललेच पाहिजे. परंतु ज्याच्याकडे १२ लाखांची गाडी आहे त्याने मूल मांडीवर घ्यावे, याचे समर्थन गरिबाच्या नाइलाजाने होत नाही. तिसरा आक्षेप, मूल सीटमध्ये रडते. रुग्णालयातून घरी जाण्याच्या पहिल्या दिवसापासून सवय लावली, तर बहुतेक मुले थोड्याच दिवसांत रुळतात, असा माझा अनुभव आहे. एक वर्षाचे झाल्यावर सुरुवात केली, तर मात्र ते रडेल आणि तो दोष त्याचा नसेल.

म्हणून गाडी घ्यायला जाताना एकट्याने किंवा जोडप्याने जाऊ नये. आजी-आजोबांना न्यावे, मुलाला न्यावे, त्याची सीट आणि बाबागाडी न्यावी. सीट मागच्या कडेच्या जागेवर आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून पाहावी. बाळाची मागे तोंड केलेली सीट लावल्यावर पुढच्या आसनावर उंच माणूस बसू शकतो का, ते पाहावे. अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर कधीही लावू नये. मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याची टेकण आहे का ते तपासावे. मग सगळ्यांनी बसून पट्टे लावावेत. पाच पट्टे पाच माणसांना, ओढाताण न करता, लागले तर ती गाडी पाच जणांची. नाही लागले, तर ती चार जणांची आहे हे तेथेच मान्य करावे आणि लांबच्या प्रवासाचे नियोजन त्याप्रमाणे करावे. सोलापूरला हुसेनसागर एक्सप्रेस जाते, नांदेडला देवगिरी जाते. आजी-आजोबा रेल्वेने, बाकीचे गाडीने, ही काही कमीपणाची गोष्ट नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे आपल्याला पैशाच्या बाबतीत कळते. जागेच्या बाबतीतही कळायला हवे.

शेवटी आपल्या संघटनेसाठी दोन सूचना करतो. पहिली, प्रसूतिगृह आणि बालरुग्णालय चालविणाऱ्या सभासदांनी बाळाच्या घरी जाण्याच्या कागदावर लसींच्या तारखांखाली एक ओळ छापावी: 'बाळ घरी कसे नेणार?' हा प्रश्न विचारला गेला की उत्तर शोधले जाते. दुसरी, बाळाची पहिली सीट वर्ष-सव्वा वर्ष वापरली जाते आणि नंतर माळ्यावर पडून राहते. आपल्या शंभर घरांच्या माळ्यांवर अशा कितीतरी सीट असतील. संघटनेने त्या गोळा कराव्यात, ज्यांचा अपघात झालेला नाही, मुदत संपलेली नाही आणि पट्टे शाबूत आहेत अशाच ठेवाव्यात आणि नव्या पालकांना अनामत घेऊन वर्षभरासाठी द्याव्यात. मराठी माणसे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके अशीच एकमेकांना देत आली आहेत. ग्रंथालये त्यातूनच उभी राहिली. सीटचे ग्रंथालय उभारायला एक कपाट, एक वही आणि महिन्यातून एक रविवार पुरेल. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या दोन सीट मी स्वतः देईन आणि त्या कशा लावायच्या हे दाखवायला त्या रविवारी हजरही राहीन.